पासवर्ड कुणाच्या खिशात?

आमच्या घरातला प्रिंटर सलग पाच महिने क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला होता. वर फुलदाणी. पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी शोभेची वस्तू असावी. धूळ बसू नये म्हणून रुमाल मीच घातला होता. खरं म्हणजे तो दिसला की अपराधी वाटायचं, म्हणून झाकला होता.

गोष्ट अगदी साधी. मुलाने दोन दिवाळ्यांपूर्वी प्रिंटर आणला, वायफायला जोडून दिला आणि नोकरीच्या गावी निघून गेला. वर्षभर छान चाललं. मोबाइलवर बोट लावलं की आतल्या खोलीत कागद बाहेर पडायचा. मग आम्ही इंटरनेटचं कनेक्शन बदललं. नवा राउटर आला, वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. घरातल्या सगळ्या मोबाइलमध्ये नवा पासवर्ड टाकला गेला. प्रिंटरला मात्र कुणी सांगितलंच नाही! तो बिचारा जुन्या वायफायची वाट बघत बसला. मोबाइलवर एकच शब्द यायचा, ‘ऑफलाइन’.

मुलाला फोन केला तर म्हणाला, ‘‘आई, तू त्याला हात लावू नकोस. काहीतरी भलतंच होईल. मी गणपतीत आलो की बघतो.’’ आमच्या ह्यांना म्हटलं तर म्हणाले, ‘‘कशाला डोक्याला त्रास? दुकानातून काढून आणू. पाच-दहा रुपयांचा तर प्रश्न आहे.’’

मलाही ते पटलं होतं. जून-जुलैत लेकीच्या प्रवेशाचे कागद, सासूबाईंचे तपासणीचे रिपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट, बचत गटाचा ठराव, असं एकेक घेऊन मी तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची. पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीवर दुकानाचा नंबर चिकटवलेला असतो. ‘‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, ताई.’’ आपण टाकतो. तो संगणकावर उघडतो, कागद निघतो, आपण पैसे देतो आणि निघतो.

एके दिवशी गर्दी होती. माझा नंबर येईपर्यंत मी काउंटरशी उभी होते आणि समोरच संगणकाचा पडदा होता. मी मुद्दाम बघत नव्हते, पण डोळे काय मिटून घ्यायचे? एकाखाली एक, लोकांनी पाठवलेले कागद. कुणाचा सातबारा, कुणाचं पासबुक, कुणाची सोनोग्राफी. आणि त्यात एक कोर्टाचा अर्ज. वर ठळक अक्षरात नाव. माझ्या चांगल्या ओळखीतल्या मुलीचं. घटस्फोटाचा अर्ज होता तो.

मी मान फिरवली. पण वाचलेलं काही पुसता येत नाही. दोनच दिवसांपूर्वी तिची आई मला देवळात भेटली होती. ‘‘लेक सुखात आहे हो,’’ असं सांगत होती. म्हणजे जे त्या माउलीला अजून ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक झालं होतं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या चौघांनाही झालं असणार. दुकानदार वाईट नाही हो. दिवसाला शे-दोनशे गिऱ्हाइकं करतो, कुणाचं काय वाचायला त्याला वेळ कुठे? पण त्या पडद्यावर जर तिचं सगळं होतं, तर माझंही होतं. लेकीचा फोटो, जन्मतारीख, मोबाइल नंबर. सासूबाईंचा आजार. आमच्या खात्यातली शिल्लक. सहा महिन्यांत मी माझ्या घराची सगळी कपाटं त्या काउंटरवर उघडी करून ठेवली होती आणि वर त्याचे पैसेही दिले होते.

गावात राहणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या शहरात दुकानदाराला आपलं नाव ठाऊक नसतं. इथे तो आपल्या नणंदेच्या दिराचा मित्र असतो! इथे कागद बोलतात, आणि ते फिरत फिरत बोलतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की, खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. खूप मोठा निकाल. पण तो दिल्लीत झाला. आपल्या गावातल्या काउंटरपर्यंत तो आपणच चालत आणायचा आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली होती की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका आणि सायबर कॅफेसारख्या सार्वजनिक संगणकावर आधार उतरवून घेऊ नका. घेतलंच तर काम झाल्यावर ते कायमचं पुसा. तिचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो म्हणून दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली आणि ‘नेहमीची सावधगिरी बाळगा’ एवढंच सांगितलं गेलं. पण नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमकी कोणती? मला वाटतं, त्यातली पहिली हीच की, जो कागद घरात निघू शकतो तो घरातच काढावा.

त्या दुपारी घरी आले, फुलदाणी उचलली आणि रुमाल काढला.

पहिलीच अडचण अशी आली की हसावं की रडावं कळेना. वायफायचा पासवर्ड मला माहीतच नव्हता! इंटरनेटचं बिल माझ्या हातून भरलं जातं, राउटर माझ्या देवघराशेजारी लावलेला, त्यावरची धूळ रोज मी पुसते, पण पासवर्ड मला ठाऊक नाही. माझ्या मोबाइलमध्ये तो ह्यांनी टाकून दिला होता. ह्यांना ऑफिसात फोन केला. ‘‘आता कशाला हवाय?’’ मी म्हटलं, ‘‘मला हवाय.’’ दोन क्षण शांतता. मग कळलं की पासवर्ड म्हणजे ह्यांचाच मोबाइल नंबर! इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने ठेवून दिलेला. म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना जो नंबर पाठ आहे, तो आमच्या घराची किल्ली होता. आणि ती किल्ली एकट्या मलाच ठाऊक नव्हती.

असो. कागदावर नंबर लिहून घेतला आणि कामाला लागले. जे घडलं ते क्रमाने सांगते. म्हणजे तुमच्याकडे असा रुमालाखालचा प्रिंटर असेल तर उपयोग होईल.

प्रिंटर राउटरच्या जवळ आणून ठेवला. जोडणीपुरता जवळ असला की बरं, नंतर हवं तिथे नेता येतो. प्रिंटरवर वायफायची खूण असते, एका ठिपक्यावर पंख्यासारख्या कमानी. ते बटण काही सेकंद दाबून धरलं की दिवा लुकलुकायला लागतो. याचा अर्थ, ‘मी नव्या वायफायला जोडून घ्यायला तयार आहे.’ प्रत्येक कंपनीचं बटण थोडं वेगळं असतं, पण प्रिंटरसोबत आलेल्या पुस्तिकेत चित्र असतं. माझी पुस्तिका खोक्यातच होती, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेली!

मग मोबाइलवर त्या कंपनीचं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने विचारलं, ‘लोकेशन वापरू का? आसपासची उपकरणं शोधू का?’ मी शहाणपणा करून ‘नाही’ म्हटलं. मग ते म्हणे, प्रिंटर सापडत नाही. कसा सापडेल? आजूबाजूला कोणती यंत्रं आहेत ते बघायची परवानगीच मी दिली नव्हती. ब्लूटूथ चालू केलं, परवानगी दिली, तेव्हा प्रिंटरचं नाव दिसलं. काम झाल्यावर ती परवानगी काढून घेता येते, तशी मी घेतलीही.

आता पासवर्ड टाकला. नाही जमलं. पुन्हा टाकला. नाही. तिसऱ्यांदा झाल्यावर मात्र मनात आलं, जाऊ दे बाई, गणपतीत मुलगा येणारच आहे. मी चहा करून घेतला आणि चहा पिता पिता पुस्तिका वाचली. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती, हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो.

मैत्रिणींनो, निम्म्या घरांतलं घोडं इथेच अडतं. म्हणून थोडं समजावून घेऊ. हल्लीच्या बऱ्याच राउटरमधून दोन वायफाय निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. दुसऱ्याच्या नावापुढे पुष्कळदा ‘५जी’ असं लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ‘फाइव्ह जी’शी त्याचा काही संबंध नाही, नुसता नावाचा घोटाळा आहे. ५वालं वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. २.४वालं जरा सावकाश, पण लांब जातं, दोन भिंती ओलांडतं. घरगुती प्रिंटरला वेगाची गरज नसते, त्यामुळे पुष्कळ प्रिंटर फक्त २.४वर चालतात. माझा मोबाइल ‘५जी’वर होता आणि प्रिंटरला तिकडेच बोलावत होता. तो येणार कसा? मोबाइल २.४वर आणला, पासवर्ड टाकला आणि लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. पहिला कागद बाहेर आला तेव्हा मी एकटीच होते घरात. कुणाला दाखवणार? देवासमोर ठेवला!

तुमच्या राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेलं बटण असेल तर याहून सोपा मार्ग आहे. प्रिंटर त्या तयारीत ठेवायचा, राउटरचं बटण दाबायचं, आणि दोन मिनिटांच्या आत दोघांची ओळख होते. पासवर्ड टाकावाच लागत नाही. सगळ्या राउटरवर ते बटण नसतं, काहींत बंद ठेवलेलं असतं, पण एकदा मागे-पुढे बघायला काय हरकत आहे?

आणि ज्यांच्याकडे राउटरच नाही, नुसतं मोबाइलचं इंटरनेट आहे, त्यांनी निराश होऊ नये. बऱ्याच प्रिंटरमध्ये ‘वायफाय डायरेक्ट’ नावाची सोय असते. म्हणजे प्रिंटर स्वतःचंच छोटंसं वायफाय सोडतो, मोबाइल थेट त्याला जोडायचा आणि कागद काढायचा. कारण एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही, वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. मोबाइलमधला कागद राउटरमार्गे आतल्या खोलीतल्या प्रिंटरपर्यंत जातो, तो घरातल्या घरात. जसा आपण ओट्यावरून डबा टेबलावर नेतो. त्यासाठी गावाबाहेर जावं लागत नाही. मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला कागद बाहेरचं इंटरनेट बंद असतानाही बहुतेक वेळा छापता येतो.

आता विजेचं. आपल्याकडे वीज जाते आणि वीज आली की प्रिंटर रुसतो, हा अनेकींचा अनुभव असेल. त्याचं कारण असं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, घरपट्टीच्या नंबरासारखा. वीज जाऊन आली की तो पुन्हा नंबर वाटायला बसतो. प्रिंटरला कधी वेगळाच नंबर मिळतो आणि मोबाइल किंवा संगणक जुन्याच दारावर थाप मारत राहतो. उपाय सोपा. दोन्ही बंद करायचे. आधी राउटर चालू करायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग प्रिंटर. एवढ्याने बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. नाहीच आली तर मोबाइलमधून तो प्रिंटर काढून पुन्हा जोडायचा. राउटरमध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवायचीही सोय असते. इंटरनेटवाला मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्याकडून ती करून घ्यावी. नुसती करून घेऊ नये, शेजारी बसून बघावी.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने वायफायचा पासवर्डच बदलला. ह्यांच्या मोबाइल नंबरऐवजी कुणाला सहज सुचणार नाही असा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला, लांबलचक. राउटरच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो, तो मोबाइलच्या ब्राउजरमध्ये टाकून ते करता येतं. आणि अर्थातच, माझ्याच हाताने जोडलेला प्रिंटर माझ्याच हाताने तुटला! आधी पासवर्ड बदलायचा आणि मग प्रिंटर जोडायचा, हे शहाणपण नंतर आलं. पण गंमत बघा. पहिल्या दिवशी ज्याला अडीच तास लागले होते, त्याला दुसऱ्यांदा दहा मिनिटं लागली. मला वाटतं, त्या दहा मिनिटांतच मी खरी शिकले.

आता मूळ मुद्द्यावर येते. हा लेख प्रिंटरचा नाही. ‘हात लावू नकोस’ या तीन शब्दांचा आहे.

हे तीन शब्द आपल्याला नवे नाहीत. घरात गॅसचा सिलिंडर पहिल्यांदा आला तेव्हा आपल्या आयांना हेच सांगितलं गेलं होतं. रेग्युलेटर फक्त पुरुषमाणसांनी लावायचा. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की बायका ओट्यापासून चार हात लांब पळत. आज त्याच आपण एका हाताने सिलिंडर फिरवतो, रबराची चकती तपासतो, रेग्युलेटर खटकन बसवतो. त्यासाठी कुणी पदवी घेतली नाही. रोज लागतं म्हणून शिकलो. सिलिंडरमध्ये तर खरा धोका होता. वायफायचा पासवर्ड चुकला तर काय होईल? पुन्हा टाकावा लागेल, इतकंच.

मग इथेच का अडतं? याला मुलगे-नवरे एकटे जबाबदार नाहीत. माझा मुलगा प्रेमानेच म्हणाला होता. आपल्यालाही ते सोयीचं वाटतं. ‘मला बाई त्यातलं काही कळत नाही’ हे वाक्य आपण इतक्या कौतुकाने म्हणतो, जणू दागिनाच आहे. तो दागिना महाग पडतो, हे मला त्या काउंटरवर कळलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तेव्हा १५ ते ४९ या वयातल्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्के जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७.१ टक्के जणांनी. त्यानंतर मोबाइल आणखी घराघरांत पोचले असतील, पण हातात मोबाइल येणं आणि त्यावर आपली हुकमत असणं यात अंतर आहे. रील बघणं म्हणजे इंटरनेट येणं नव्हे, जसं जेवणं म्हणजे स्वयंपाक येणं नव्हे. पासवर्ड कुणाकडे आहे, बिघाड झाला की कुणाला फोन जातो, कोणता कागद कुणाच्या मोबाइलमध्ये साठवलेला आहे, हे विचारलं की खरं चित्र दिसतं.

पूर्वी घरातल्या रेडिओलासुद्धा लायसन्स लागायचं, दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. थोरल्या मैत्रिणींना आठवत असेल. वायफायच्या ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल वर लिहिलं, तो सरकारने जानेवारी २००५ मध्ये कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. म्हणजे घरात वायफाय लावायला सरकारची परवानगी लागत नाही. घरातल्याच कुणाची तरी मात्र अजून लागते.

काही जणी म्हणतील, ‘‘अहो, प्रिंटर काय फुकट येतो का? आम्हाला महिन्याला चार कागद लागतात.’’ अगदी बरोबर. प्रत्येक घरात प्रिंटर हवाच असं मी म्हणणारच नाही. शाईचा प्रिंटर तर वापरात नसला की त्याची शाई वाळते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकरच. आठवड्याला निदान एक रंगीत कागद काढावा लागतो. पाच महिने झाकून ठेवल्याची शिक्षा म्हणून मलाही त्याची सफाई तीनदा चालवावी लागली, आणि दर सफाईला शाई जाते ती वेगळीच.

पण एक प्रिंटर चार घरांत चालू शकतो. आमच्या बचत गटात हा विषय मी मांडला. गटाची इतिवृत्तं, कर्जाचे अर्ज, लोणच्याच्या बरण्यांवरची लेबलं, मुलांचे शाळेचे प्रकल्प, सगळं मिळून महिन्याला भरपूर कागद होतात. आता आमच्या प्रिंटरशेजारी एक वही आणि एक डबा आहे. ज्या येतात त्या कागद मोजून पैसे डब्यात टाकतात, त्यातून शाई येते. आपला कागद प्रत्येकीने स्वतःच्या मोबाइलवरून स्वतः काढायचा, मला पाठवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. नाहीतर काउंटरवर फक्त दुकानदाराच्या जागी मी बसले असते! शेजारच्या वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘तुम्हीच काढून द्या ना, मला नाही जमणार.’’ मी त्यांच्या हातून मोबाइल घेतला नाही. फक्त शेजारी उभी राहिले. चार मिनिटं लागली त्यांना. मराठीत लिहिलेला अर्ज छापताना जोडाक्षरं मोडून येत होती. तो आधी पीडीएफ करून छापला की अक्षरं जशीच्या तशी राहतात, हे तर त्यांनीच शोधून मला सांगितलं.

चार घरांची ये-जा असेल तर घराच्या मुख्य वायफायचा पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. ज्याच्याकडे तो आहे, तो बाहेरच्या ओट्यावर बसूनही प्रिंटर चालवू शकतो. आमच्याकडे एकदा शेजारच्या मुलाने गंमत म्हणून क्रिकेटपटूची सहा रंगीत चित्रं काढली आणि निळी शाई संपवली! येणाऱ्यांसाठी ‘वायफाय डायरेक्ट’ बरं. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवता येतं, पण त्यावरून बहुधा आपला प्रिंटर दिसत नाही. तेच त्याचं काम आहे. आणि प्रिंटर जुना झाला, भंगारात किंवा कुणाला द्यायचा ठरला, तर त्याचं सेटिंग मूळ स्थितीला आणल्याशिवाय देऊ नका. आपल्या वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात असतो.

दुकानात जावंच लागलं तर? जावं, संकोच नको. पण आधार द्यायचं असेल आणि मागणाऱ्याला चालत असेल, तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार घ्यावं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कागद निघाल्यावर पाठवलेला निरोप दोन्हीकडून पुसावा. आणि एवढ्याने भागत नाही, कारण दुकानाच्या संगणकात तो उतरलेला असू शकतो. ‘‘दादा, माझ्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा,’’ असं शांतपणे सांगावं. पहिल्यांदा तो बघेल तुमच्याकडे. बघू दे. मी सांगितलं तेव्हा माझ्या मागे उभी असलेली एक बाईही म्हणाली, ‘‘माझंही काढा हो.’’

गणपतीत मुलगा आला. पाट मांडण्याआधी प्रिंटरकडे गेला. म्हणाला, ‘‘कुणाला बोलावलं होतं?’’ मी काही बोलले नाही. मोबाइलवरून पूजेच्या सामानाची यादी छापली आणि त्याच्या हातात ठेवली. तो यादीकडे बघत राहिला, मग हसून म्हणाला, ‘‘आई, नवा पासवर्ड सांग ना, माझा मोबाइल जोडायचाय.’’

वर्षानुवर्षं मी विचारायची आणि घरातले सांगायचे. त्या दिवशी त्याने विचारलं आणि मी सांगितलं. मोठं काही घडलं नाही. पण घरात माझी जागा एक पाऊल सरकली, एवढं मला नक्की जाणवलं.

तर मैत्रिणींनो, या रविवारी एवढंच करा. तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे का ते बघा. नसेल तर विचारा, आणि ‘कशाला हवाय?’ असं कुणी म्हटलं तर ‘मला हवाय’ एवढं उत्तर पुरे. तो एका वहीत लिहून कपाटात ठेवा. मग घरातलं जे एक यंत्र तुम्ही झाकून ठेवलं आहे, त्याच्यावरचा रुमाल काढा. शेजारी कुणाला बसवायचं असेल तर बसवा, पण बटण तुम्ही दाबा. चुकलं तर पुन्हा दाबा.

त्या ओळखीतल्या मुलीला मी अजून काही बोललेले नाही. बोलणारही नाही, ती स्वतः सांगेपर्यंत. फक्त एकदा सहज म्हटल्यासारखं केलं, ‘‘माझ्याकडे प्रिंटर आहे गं. काही काढायचं असेल तर येत जा. तुझ्याच मोबाइलवरून काढ, मी तेव्हा स्वयंपाकघरात असते.’’

ती आली. कागद काढून झाल्यावर चहालाही थांबली.